सुनंदाचा डावा डोळा

माझ्या नवऱ्याला वाटतं, त्याला माझं सगळं ठाऊक आहे. मी चिडले की फळीवरचे डबे काढून पुसत बसते, धाकट्या जावेचं कौतुक झालं की माझा चहा कपातच गार होतो, हे त्याला माहीत आहे आणि तो त्यावर हसतोही. पण ही गोष्ट त्याच्या कानावर गेलेली नाही. माझ्या आईच्या, अव्वाच्याही नाही. माझे वडील, अप्पा, शेवटच्या दिवसांत उदगीरच्या घरी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून एकदा तोंड उघडलं होतं — आणि पाणी हवंय का, एवढंच विचारलं. मग तुमच्यापाशी का बोलते आहे? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

मी नांदेडला स्वच्छता निरीक्षक आहे. हॉटेलांची स्वयंपाकघरं, बर्फाचे कारखाने, रसवंत्या, खानावळी बघायच्या आणि रजिस्टरात शेरा लिहायचा, हे माझं काम. ‘मॅडमची नजर लई बारीक हाय,’ असं दुकानदार एकमेकांत म्हणतात. आहेच बारीक. मला जे दिसतं ते नीट दिसतं. मग त्या दिवशी मला काय दिसलं होतं — तिथंच सगळं येऊन अडतं. थांबा, आधी सुनंदाबद्दल सांगते. ती कळल्याशिवाय हे कळायचं नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली. लातूरला आम्ही सॅनिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स करत होतो आणि वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. मी उदगीरच्या आडत दुकानदाराची मुलगी. कपाटात इस्त्रीचे सहा ड्रेस, खाऊचा डबा कधी रिकामा नाही. सुनंदा किल्लारीकडची. भूकंपात त्यांचं घर पडलं तेव्हा ती अगदी लहान होती, आणि नवं गाव उभं राहीपर्यंत त्यांचं सगळं पत्र्याच्या शेडमध्ये. तिच्याकडे दोन ड्रेस होते, आणि ते ती आलटून पालटून असे काही घालायची की कुणाच्या लक्षात येऊ नये.

तुम्ही म्हणाल, मग हेवा तिनं करायचा. मीही स्वतःला हेच समजावत होते. पण हेवा असा हिशेब बघून येतो का? वर्गात ती हात वर करायची तेव्हा बिराजदार सर खडू खाली ठेवायचे. माझ्या प्रश्नाला ते फळ्याकडे तोंड करूनच उत्तर द्यायचे. मेसच्या मावशी तिच्या ताटात भाकरी टाकताना चांगली फुगलेली निवडून टाकायच्या. आणि एकदा अव्वा मला भेटायला आली, धपाट्यांचा डबा घेऊन. येऊन बसली ती सुनंदाशीच बोलत. जाताना बसस्टँडवर मला म्हणाली, ‘पोरीला रीत हाय बघ. तू तिच्याकडनं जरा शिक.’ माझी आई. माझ्यासाठी आणलेल्या धपाट्यांचा वास अजून माझ्या हाताला होता.

ती नुसती हुशार असती, थोडी गर्विष्ठ असती, तर मनातल्या मनात चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण तसं नव्हतं. माझं पांघरूण सरकलं तर ती उठून नीट करायची. माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीतल्या आकृत्या तिनं काढून दिल्या होत्या. अशा माणसाचा राग कुठून आणायचा? आणि राग आणता येत नाही म्हणून जो होतो, त्या जळफळाटाला काय म्हणायचं? मला तेव्हाही नाव सापडलं नाही. एवढं खरं की ती खोलीत नसली की मला बरं वाटायचं, आणि ती आली की मी हसून सरकून जागा करायचे.

सहल तिच्यामुळं निघाली. ग्रंथालयात तिला पुठ्ठा निघालेलं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात कोकणातल्या एका बेटावरच्या क्वारंटाइन ठाण्याचं वर्णन होतं. शंभरेक वर्षांपूर्वी प्लेगची, पटकीची साथ असली की बाहेरून आलेली बोट बंदराला लागू देत नसत. बोट पिवळं निशाण लावून लांब उभी राहायची. उतारूंना या बेटावर उतरवायचे, अंगावरच्या कपड्यांपासून सगळं सामान वाफेच्या खोलीत घालायचे, माणसांना शेडमध्ये ठेवायचे आणि ठरलेले दिवस गेल्याशिवाय सोडायचे नाहीत. सुनंदाला या ठाण्यानं अक्षरशः झपाटलं. आमच्याकडे समुद्र कुठला? मांजरा धरण भरलं तरी लोक गाड्या करून बघायला जातात. पण तिनं त्या पुस्तकावरून ठाण्याचा नकाशा वहीत उतरवून काढला, सरांच्या मागे लागून परवानगीचं पत्र लिहिलं, आणि उत्तर आलं तेव्हा ते वर्गात सगळ्यांनी हाताळून बघितलं.

सरांनी जाहीर केलं, बेटावर माहिती सुनंदा सांगेल. बंदराच्या आरोग्य खात्यातले एक निवृत्त डॉक्टर तिथं येणार होते. चांगली मुलं दिसली तर बंदरावरच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी ते नाव सुचवतात, असंही सर म्हणाले. म्हणताना ते कुणाकडे बघत होते, हे सांगायला हवं का?

प्रासंगिक कराराची एसटी केली होती. लातूरहून दुपारी निघालो. औसा मागं पडेपर्यंत गाणी झाली, मग शेंगदाण्याच्या चटणीचे डबे उघडले. कुणीतरी सुनंदाला म्हणालं, त्या बेटाबद्दल सांग की. ती सीटवर गुडघे टेकून मागं वळली आणि सांगू लागली. मध्येच थांबून म्हणाली, ‘किती दिवस ठेवणार ते त्या लोकांना सांगत असतील का गं? शेडमध्ये दिवस ठाऊक असला म्हंजे माणूस राहतंय. आमाला कुनी सांगितलंच न्हाई.’ बसमध्ये कुणी काही बोलेना. एक मुलगी तर डोळे पुसायला लागली. आणि मी — हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहिते — मला तिच्या पत्र्याच्या शेडचा हेवा वाटला. माझ्याकडे असं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. अप्पांचं दुकान, सहा ड्रेस. बस.

सकाळी धक्क्यावर उतरलो. समुद्र सगळ्यांनीच पहिल्यांदा बघितला, सुनंदानंही. पण ती समुद्राकडे बघत नव्हती. वही उघडून समोरच्या बेटावरची छपरं मोजत होती.

आता सरांची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बोटीत चढण्याआधी जशी उतारूंची तपासणी व्हायची, तशी आपणही करू, असं सरांनी ठरवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी वसतिगृहात डोळ्यांची साथ येऊन गेली होती, त्यामुळं हे नुसतं नाटक नव्हतं. होडी लहान, सगळे दाटीनं बसणार. ज्याचा डोळा लाल, तो धक्क्यावर थांबणार. मुलांसाठी एक मुलगा नेमला, मुलींसाठी मला. हातात टॉर्च आणि रजिस्टर. नाव, ताप, त्वचा, डोळे, आणि शेवटी शेरा. सर म्हणाले, ‘इन्स्पेक्टरनं शेरा लिहिला की तो मी खोडणार नाही. वरिष्ठानं एकदा खोडला की खालचा माणूस पुढच्या वेळी खरं लिहीत नाही.’ चांगला नियम आहे. मी आजही माझ्या हाताखालच्यांना हाच नियम सांगते. सांगताना जीभ अडखळत नाही, हेही नोंदवून ठेवते.

एकेक मुलगी पुढं येत होती. रात्रभर बसच्या खिडकीचा वारा खाऊन थोडीफार लाली सगळ्यांनाच होती. माझे स्वतःचे डोळे चुरचुरत होते. आठव्या की नवव्या नंबरला सुनंदा आली. बसमध्ये ती रात्रभर ओढणी तोंडावर घेऊन शांत झोपली होती. मी तिचा उजवा डोळा बघितला. मग डावा. खालची पापणी अंगठ्यानं ओढली, टॉर्च धरला. ती वर बघत होती, जरा हसत होती, काखेत वही होती. त्या वहीकडे माझं लक्ष गेलं.

किती वेळ लागला असेल? एखादा श्वास. मी विचार केला नव्हता असं म्हणायची सोय नाही. बसमधल्या त्या शांततेपासून मी विचारच करत होते, फक्त कशाचा ते माहीत नव्हतं. मी रजिस्टरात लिहिलं — डावा डोळा लाल, चिकटा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं — थांबवावे.

तिनं वाचलं. मला वाटलं, आता भांडेल. आरसा मागेल, सरांना हाक मारेल, दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावेल. मी तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं की काय? ती म्हणाली, ‘लई हाय का गं?’ मी म्हणाले, थोडा आहे. ती म्हणाली, ‘तुला दिसला म्हणल्यावर असंलच. मला कसा दिसंल माझा डोळा?’

सर आले. त्यांनी रजिस्टर बघितलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. ‘खात्री आहे?’ विचारलं. मी म्हणाले, हो सर. त्यांचा चेहरा पडला होता, पण नियम त्यांचाच होता. त्यांनी तिच्या डोळ्यात डोकावूनही बघितलं नाही. खोडायचं नाही म्हणजे नाही.

ती आपणहून चार पावलं मागं सरकली. हे मला विसरता येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं वही धक्क्याच्या दगडावर ठेवली, पुन्हा मागं झाली आणि मला म्हणाली, ‘तू सांग माझ्या जागी. कव्हर पुसून घे आधी.’ आणि होडी सुटता सुटता ओरडून म्हणाली, ‘महादेवी, वाफेच्या खोलीला दोन दारं हायत का तेवढं बघ. एकीकडनं मळके कपडे आत, दुसरीकडनं धुतलेले बाहेर. पुस्तकात चित्र न्हाई त्याचं.’

बेटावर मी बोलले. तिच्या अक्षरातलं वाचत, पण वाचत असल्याचं न दाखवता. उतारूंच्या रांगा, दर्जाप्रमाणं वेगळ्या शेड, गार्डांच्या खोल्या. आणि शेवटी — ऐकताय ना? — शेवटी मी म्हणाले, किती दिवस ठेवणार हे या माणसांना कुणी सांगत असेल का? दिवस ठाऊक असला म्हणजे माणूस राहतं. बसमध्ये ऐकलेलं वाक्य होतं. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. डॉक्टर मान हलवत राहिले. मग त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं. उदगीर कुठं आलं, असंही विचारलं. वाफेच्या खोलीकडे मी गेलेच नाही. मला तेव्हा सुनंदाच्या दोन दारांशी काय देणंघेणं होतं?

परत आलो तेव्हा ती धक्क्यावरच्या पत्र्याच्या निवाऱ्यात बसली होती. डोळा चोळून चोळून खरंच लाल झाला होता. ते बघून माझा जीव भांड्यात पडला, कारण आता कुणी तपासलं तरी चालणार होतं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो दारांचा. मी म्हणाले, हो, दोन आहेत. ती इतकी खूश झाली. ‘मला वाटलंच होतं,’ म्हणाली.

येताना बसमध्ये ती मागच्या बाकावर एकटी बसली. वसतिगृहात तिनं आठ दिवस स्वतःला वेगळं ठेवलं. ताट वेगळं, बादली वेगळी, टॉवेल गच्चीच्या टोकाला एकट्या दोरीवर. आमच्या खोलीतून गादी उचलून ती कोपऱ्यातल्या सामानाच्या खोलीत गेली, मला लागण होऊ नये म्हणून. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून रोज तीनदा डोळा पुसायची. निरोगी डोळा. काही मुली तिला बघून वाट बदलायच्या. तिसऱ्या दिवशी दारातूनच मला म्हणाली, ‘उतरून राहिलंय वाटतं.’ मी हो म्हणाले.

तुम्हाला वाटेल, त्या आठ दिवसांत माझं मन खायला लागलं असेल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. मला राग येत होता. इतकं नियमानं का वागावं माणसानं? सर रोज तिची चौकशी करायचे. वर्गात म्हणाले, इन्स्पेक्टर व्हायला आधी पेशंट होता आलं पाहिजे, सुनंदाकडे बघा. म्हणजे बेटावर जाऊनही मी दुसरीच, आणि धक्क्यावर बसूनही ती पहिलीच. मी तिचं सगळं घेतलं होतं आणि तरी ते तिच्याचकडे होतं.

महिन्याभरात डॉक्टरांचं पत्र आलं. बंदरावरच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. सुनंदानं मेसमध्ये सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि माझी बॅग भरायला मदत केली. त्या सहा महिन्यांच्या दाखल्यावर पुढं मला नांदेडची नोकरी मिळाली. तिनं बरीच वर्षं औसा तालुक्यात कंत्राटावर काम केलं, खेड्याखेड्यातून, कडेवर पोर घेऊन. दर दिवाळीला तिचा फोन यायचा. मी कधी उचलायचे, कधी नाही.

कोरोनाच्या काळात तिला लातूरजवळच्या एका विलगीकरण केंद्रात नेमलं होतं. बायका रडायच्या, पळून जायला बघायच्या. सुनंदा त्यांना आपल्या डोळ्याची गोष्ट सांगायची. ‘मी थांबले म्हणून माझ्या बॅचमधी एकीला बी डोळे आले न्हाईत,’ असं म्हणायची, आणि बायका शांत व्हायच्या. तिनंच मला फोनवर सांगितलं हे. मी तेव्हा नांदेडला घराघरांवर कागद चिकटवत होते. ‘मॅडम, आमाला काई बी झालं न्हाई,’ असं लोक दारातून म्हणायचे. मी रिपोर्ट दाखवायचे. रिपोर्ट खरे होते. तरी प्रत्येक दारात मला ती चार पावलं मागं सरकताना दिसायची. खोट्यातून चांगलं झालं असं म्हणून बघितलं मी स्वतःला. वीस वर्षांची पोर होते, असंही म्हणून बघितलं. काही लागू पडलं नाही.

आता गेल्या महिन्यातलं. सुनंदा आता त्याच संस्थेत शिकवते. सर निवृत्त झाल्यावर सहली बंद पडल्या होत्या, त्या तिनं पुन्हा सुरू केल्या. तिचा फोन आला. ‘यंदा पोरींना बेटावर नेऊन राहिले. तू बी चल. तुझ्याशिवाय कसं जमंल?’ तिच्या आवाजातलं हसू ऐकून मला नाही म्हणता आलं नाही. मधल्या काळात ती नवऱ्याबरोबर समुद्र बघून आली होती, गोव्याला. बेट मात्र राहूनच गेलं होतं. जुनी वही तिनं सोबत घेतली होती. तिला पुठ्ठ्याचं नवं कव्हर घातलं होतं.

धक्का तोच. पत्र्याचा निवारा पाडून तिथं सिमेंटचा बांधला आहे. तिनं मुलींना रांगेत उभं केलं आणि तपासणीआधी गोष्ट सांगितली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘ह्या मॅडमनी माझा डोळा धरला. मैत्रीण म्हणून सोडलं न्हाई. अशी इन्स्पेक्टर पायजे.’ वीस-बावीस मुली माझ्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, मॅडम, तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?

खरं सांगून टाकायला तीच वेळ होती. याहून चांगली वेळ मला देवानं तरी कुठून आणून दिली असती? मी म्हणाले, ‘खालच्या पापणीच्या आत लाली होती. कोपऱ्यात थोडा चिकटा. टॉर्च तिरका धरला की दिसतं.’ मुलींनी लिहून घेतलं.

मग सुनंदानं एकेकीचा डोळा बघायला सुरुवात केली. अश्विनी नावाची निलंग्याची मुलगी होती, तिचा डोळा खरोखर आला होता. पापणी सुजलेली, पाणी गळत होतं. ती हमसून हमसून रडायला लागली. घरच्यांना विनवण्या करून आली होती म्हणे. सुनंदा तिच्याजवळ दगडावर बसली आणि म्हणाली, ‘रडू नको. मी बी हितंच बसले होते. मी थांबते तुझ्यासंगं.’

होडीची वेळ भरतीवर होती, दुसरी फेरी नव्हती. आमच्या दोघींपैकी एकीला थांबायचंच होतं. मी थांबते, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. दोनच शब्द. पण ती वही माझ्याकडे करत म्हणाली, ‘तू जा. तुला तिथलं ठाऊक हाय. मला काय, थांबायची सवय हाय.’ आणि हसली. मनापासून.

मी वही घेतली आणि होडीत बसले.

का? हे तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते, नाहीतर इतकं लिहून काय उपयोग? आता तिथं कुणी डॉक्टर नव्हते, कसलं प्रशिक्षण नव्हतं, मिळवायचं काही उरलेलं नव्हतं. मी गेले, कारण ती गेली असती तर माझ्यापेक्षा चांगलं बोलली असती. मुलींनी तोंडाचा आ करून ऐकलं असतं, जसं बसमध्ये ऐकलं होतं. आणि संध्याकाळी मला ते सगळं त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. चाळिशीच्या उंबऱ्यावरची बाई मी, दोन मुलांची आई. एवढ्यासाठी गेले.

या वेळी वाफेच्या खोलीपाशी मात्र गेले. छप्पर उडालंय, आत रुईची झाडं वाढली आहेत. भिंतीला हात लावत सगळी फिरले. दोन दारं होती. समोरासमोर, एक रुंद आणि एक अरुंद. मी न बघता मारलेली थाप खरी निघाली, तेव्हा हायसं वाटायला हवं होतं ना? मला वाटलं, बघा, न बघताही सुनंदाच बरोबर. मुली फोटो काढत होत्या आणि मी त्या अरुंद दारात उभी राहून तिच्यावर जळत होते.

परतलो तेव्हा त्या दोघी धपाटी खात बसल्या होत्या, एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून. अश्विनी कशावरून तरी हसत होती. सुनंदानं लांबूनच दोन बोटं वर केली. दोन दारं, असं विचारत होती. मी मान हलवली. ती अश्विनीला म्हणाली, ‘बघ, मी म्हणलं न्हवतं? मॅडमनी तवाच बघून ठेवलं होतं.’

बस लातूरला पोचेपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मला नांदेडची गाडी पकडायची होती. उतरताना तिनं माझा हात हातात धरला आणि पुढच्या वर्षी पुन्हा येशील ना, असं विचारलं. मी येईन म्हणाले. तिला हे माहीत नाही, आणि मी सांगेन असं मला वाटत नाही. तिच्याकडे त्या दिवसाची एक गोष्ट आहे, जिच्यावर ती उभी आहे. माझ्याकडे त्या दिवसाचा एक डोळा आहे.

तो डोळा स्वच्छ होता. पांढरा, कोपऱ्यापर्यंत. त्यात लालीचा धागाही नव्हता. मी पापणी अंगठ्यानं खाली ओढून, टॉर्च धरून, अगदी नीट बघितला होता.